तिसरा आला की हिशेब बदलतो

प्रस्तावना

एकमेकांत गुंतवून मग दूर ठेवलेल्या दोन कणांवर मोजमाप केले तर त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात, आणि ती जुळणी रोजच्या व्यवहारातल्या कोणत्याही कारणाने समजावून देता येत नाही. जॉन बेल यांनी १९६४ साली या जुळणीला कसोटी लावण्याची रीत सांगितली. पुढे प्रयोग झाले, त्यांतल्या पळवाटा एकेक करून बुजवल्या गेल्या, आणि २०२२ चे भौतिकीचे नोबेल आलाँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन झायलिंगर यांना याच कामासाठी मिळाले. दोन कणांची ही गोष्ट मराठीतही बरीच सांगून झाली आहे. पण कण दोनाचे तीन झाले, तिनाचे दहा झाले, तर त्यांच्यातला संबंध मोजायचा कसा, याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. पुढची प्रकरणे त्या प्रश्नासाठी आहेत.

लिहिताना डोळ्यांपुढे वाचक होता तो चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतला विद्यार्थी. इथली महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आले. बी.एस्सी.ला भौतिकी घेतलेल्या मुलामुलींना स्पिन, तरंगफल, संभाव्यता हे शब्द माहीत असतात. या विषयात शिरायला तेवढी शिदोरी पुरते. प्रयोगशाळा फार दूर असली, तरी विषयाचा गाभा अधिक-उण्याच्या गुणाकारात आहे आणि तो वहीच्या एका पानावर मावतो.

आधी सहसंबंध म्हणजे काय ते पाहू. समजा, एकाच दिवशी गडचिरोलीच्या आणि चंद्रपूरच्या बाजारात मोहफुलांचा भाव पैशासकट सारखा निघाला. यात कोणी चमत्कार पाहणार नाही. एक तर मध्ये फोन झाला असेल, नाही तर व्यापाऱ्यांनी सकाळीच भाव ठरवून घेतला असेल. जगातल्या बहुतेक जुळण्या या दोनांपैकी एका खात्यात जातात: निरोप, किंवा आधीचे ठरलेले. बेल यांनी विचारले, की निरोपाची वाट बंद केली आणि फक्त ‘आधीचे ठरलेले’ शिल्लक ठेवले, तर जुळणी जास्तीत जास्त किती होऊ शकेल? ती मर्यादा आकड्यात निघते; तिला बेलची असमानता म्हणतात. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये तिला प्रयोगात वापरता येईल असे रूप दिले. त्या रूपात ठरलेल्या उत्तरांची कमाल २ भरते, तर क्वांटम सिद्धांत २√२, म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देतो. प्रयोगात आकडा २ च्या वर गेला की ‘आधीचे ठरलेले’ हे स्पष्टीकरण बाद होते. उरलेल्या जुळणीला अस्थानिक सहसंबंध म्हणतात.

आता तिसरा भागीदार आणू. एक निरीक्षक चंद्रपूरला, एक गडचिरोलीला आणि एक भामरागडला बसवू. भामरागड निवडायला कारण आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती तिथे मिळतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. निरोपाची वाट बंद करायची म्हटले तर याहून सोयीची जागा नाही. पण भौतिकीला एवढ्याने समाधान होत नाही. पुराने रस्ता तुटतो, प्रकाश तुटत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. तेवढे अंतर प्रकाश सेकंदाच्या चार हजाराव्या भागात कापतो. म्हणून अट अशी, की कोणते मोजमाप करायचे हे ऐन वेळी आणि यदृच्छेने ठरले पाहिजे, आणि तिन्ही ठिकाणची उत्तरे एवढ्या वेळाच्या आत नोंदली गेली पाहिजेत. मग एका ठिकाणचा निर्णय दुसऱ्या ठिकाणी वेळेत कळणे अशक्य ठरते. दोन कणांसाठी, इतर पळवाटाही बुजवून, ही अट प्रथम २०१५ मध्ये पाळली गेली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांत २४५ फेऱ्यांमधून २.४२ हा आकडा आला.

आपल्या तिघांपैकी प्रत्येकाकडे एकेक कण येतो. प्रत्येकाला त्या कणाला दोनपैकी एकच प्रश्न विचारता येतो. त्यांना ‘क्ष’ आणि ‘य’ म्हणू. स्पिनच्या भाषेत ही दोन वेगवेगळ्या दिशांची मोजमापे आहेत. उत्तर नेहमी +१ किंवा −१. डॅनियल ग्रीनबर्गर, मायकेल हॉर्न आणि झायलिंगर यांनी १९८९ मध्ये तीन-चार कणांच्या एका अवस्थेकडे लक्ष वेधले; तिला आज त्यांच्या आद्याक्षरांवरून जीएचझेड अवस्था म्हणतात. तीन कणांच्या या अवस्थेबद्दल क्वांटम सिद्धांत चार गोष्टी ठामपणे सांगतो. एकाने क्ष आणि उरलेल्या दोघांनी य विचारला, तर तिघांच्या उत्तरांचा गुणाकार दर वेळी −१. क्ष विचारणारा कोणीही असला तरी हेच. या झाल्या तीन ओळी. आणि तिघांनीही क्ष विचारला, तर गुणाकार दर वेळी +१.

आता समजा, उत्तरे आधीच ठरलेली आहेत. प्रत्येक कण निघतानाच आपले क्ष-उत्तर आणि य-उत्तर सोबत घेऊन निघाला आहे. पहिल्या तीन ओळी एकाखाली एक मांडा आणि तिन्हींचा गुणाकार करा. प्रत्येक ठिकाणचे य-उत्तर त्यात बरोबर दोनदा येते. ते +१ असो की −१, स्वतःशी गुणले की +१ होऊन बाजूला पडते. मागे राहतो फक्त तिन्ही ठिकाणच्या क्ष-उत्तरांचा गुणाकार. तो किती? तीन −१ चा गुणाकार, म्हणजे −१. म्हणजे उत्तरे आधी ठरलेली असतील तर तिघांनी क्ष विचारल्यावर −१ आलाच पाहिजे, आणि क्वांटम सिद्धांत म्हणतो +१. दोन कणांच्या कसोटीत सरासऱ्या काढाव्या लागतात, मर्यादेच्या थोडे वर की थोडे खाली ते पाहावे लागते. इथे सरळ होकार आणि नकार समोरासमोर येतात. जिआन-वेई पान, झायलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तीन फोटॉन घेऊन ही कसोटी प्रत्यक्ष केली आणि कौल क्वांटम सिद्धांताच्या बाजूने लागला. तिघांना पुरेसे दूर ठेवून, निरोपाची वाट बंद करून केलेला तीन फोटॉनांचा प्रयोग कॅनडातल्या वॉटर्लूहून २०१४ मध्ये आला.

या अवस्थेत आणखी एक गंमत आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांचा धागा तिच्यातच आहे. भामरागडच्या निरीक्षकाची एकट्याची वही उघडली तर तिच्यात +१ आणि −१ निम्मे निम्मे, कोणताही क्रम नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या तरी क्ष आणि य या प्रश्नांपुरता त्यांच्यात कसलाही सहसंबंध सापडत नाही. जुळणी दिसते ती तिसरी वही आल्यावर. संबंध कोणा एकात नाही, कोणत्याही जोडीत नाही. तो तिघांच्या मिळून हिशेबात आहे. यामुळेच या जुळणीचा वापर करून निरोप पाठवता येत नाही. आपल्या वहीकडे कितीही टक लावून पाहिले, तरी दुसऱ्याने कोणता प्रश्न विचारला हे तिच्यातून कळत नाही. सापेक्षतेला धक्का लागत नाही तो एवढ्याचसाठी.

डेव्हिड मर्मिन यांनी १९९० मध्ये या चार ओळींची एक बेरीज बनवली: तिन्ही-क्षची सरासरी घ्यायची आणि तिच्यातून उरलेल्या तीन ओळींच्या सरासऱ्या वजा करायच्या. आधी ठरलेली उत्तरे असतील तर ही बेरीज २ च्या पुढे जात नाही. जीएचझेड अवस्थेत ती ४ होते, म्हणजे दुप्पट. मर्मिन यांची रीत कितीही कणांना लावता येते, आणि क्वांटम कमाल व ठरलेल्या उत्तरांची कमाल यांचे गुणोत्तर दर दोन कणांमागे दुपटीने वाढते: तीन कणांना २, पाचांना ४, अकरांना ३२.

इथवर वाचून वाटेल की मोजमापाचा प्रश्न सुटला. बेरीज करा, आकडा जेवढा मोठा तेवढा संबंध घट्ट. पण तिसरा आल्यावर घोटाळा नेमका इथेच होतो. समजा, चंद्रपूर आणि गडचिरोलीचे दोन कण एकमेकांत पूर्ण गुंतलेले आहेत (एकाची अवस्था दुसऱ्याला सोडून सांगता येत नाही) आणि भामरागडच्या कणाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही मापनदिशा नीट निवडल्या तर मर्मिनची बेरीज २.८३ पर्यंत चढते. २ ची मर्यादा मोडली, पण तिसरा तर बाहेरच बसलेला! म्हणून २ ओलांडल्यावर एवढेच म्हणता येते की अस्थानिक असे काहीतरी कुठेतरी आहे. २.८३ ओलांडल्यावर म्हणता येते की तिघेही एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि अस्थानिकता खरोखर तिघांची आहे, दोघांनी आपसांत वाटेल तेवढे संगनमत केले आणि तिसऱ्याशी फक्त आधीचे ठरवून ठेवले तरीही हे साधणार नाही, असे म्हणायचे तर वेगळी कसोटी लागते. ती जॉर्ज स्वेतलिच्नी यांनी १९८७ मध्येच मांडली होती. तिच्यात आठ पदे आहेत, मर्यादा ४ ची आहे आणि क्वांटम कमाल ४√२, म्हणजे सुमारे ५.६६. प्रयोगात ती मर्यादा ओलांडायला २००९ साल उजाडावे लागले. एकाच प्रयोगाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, त्यांचे तीन वेगळे उंबरठे आहेत, आणि अहवालात नुसते ‘मर्यादा ओलांडली’ असे लिहिले तर कोणती ते विचारावे लागते.

गुंतण्याचे प्रकारही तिघांत एकापेक्षा जास्त असतात. ड्यूर, विदाल आणि सिराक यांनी २००० मध्ये दाखवले की तीन क्यूबिट्स (दोनच उत्तरे देणारे, आपल्या कणांसारखे घटक) एकमेकांत गुंतण्याच्या दोन जाती आहेत, आणि प्रत्येकाने आपापल्या जागी काहीही केले, फोनवर काहीही ठरवले, तरी एका जातीतून दुसरीत जाता येत नाही. एक जीएचझेड. दुसरीला डब्ल्यू म्हणतात. जीएचझेडमधला एक कण हरवला की उरलेल्या दोघांत गुंतणूक उरतच नाही. डब्ल्यूमधला एक गेला तरी उरलेले दोघे गुंतलेले राहतात. मग यांतला जास्त गुंतलेला कोण? उत्तर तुम्ही काय जपू पाहता यावर आहे. चार क्यूबिट्सपाशी तर अशा वर्गांची मोजदादच संपत नाही. ते अनंत होतात आणि त्यांना कुटुंबांत बसवावे लागते.

या प्रश्नावर पुण्यात झालेले काम मराठी वाचकाने ओळखीचे करून घ्यावे असे आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागातले अली सैफ हसन आणि प्रमोद जोग यांनी २००८ मध्ये बहुकण शुद्ध (गोंगाट न मिसळलेल्या) अवस्थांसाठी एक भूमितीय माप मांडले. कल्पना अशी: प्रत्येक निरीक्षकाने क्ष, य आणि तिसरा ‘झ’ यांपैकी एक दिशा निवडायची, सगळ्यांच्या उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी काढायची, आणि सगळ्या शक्य निवडींच्या सरासऱ्या एका तक्त्यात भरायच्या. तीन निरीक्षकांसाठी या तक्त्यात २७ घरे होतात. प्रत्येक घरातल्या आकड्याचा वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, त्यातून १ वजा करा. कण एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील तर उत्तर शून्य. तक्त्यातला प्रत्येक आकडा प्रयोगात थेट मोजता येतो, ही या मापाची मोठी सोय.

हातानेच करून पाहू. जीएचझेडसाठी २७ पैकी फक्त चार घरे भरतात, ती वरच्याच चार ओळींची, प्रत्येकी +१ किंवा −१. वर्गांची बेरीज ४, वर्गमूळ २, माप १. डब्ल्यूसाठी तिन्ही-झच्या घरात −१ येतो, आणि दोघांनी क्ष किंवा दोघांनी य व तिसऱ्याने झ विचारल्याच्या सहा घरांत प्रत्येकी २/३. वर्गांची बेरीज ११/३, माप सुमारे ०.९१. आणि दोघे गुंतलेले, तिसरा बाहेर, या अवस्थेसाठी बेरीज ३ येते, माप सुमारे ०.७३. म्हणजे इथेही तिसरा बाहेर बसला असताना माप शून्य होत नाही. हा मापाचा दोष समजू नये. त्याला विचारलेला प्रश्न ‘कोणी तरी गुंतले आहे का आणि किती’ असा आहे. पट्टीवर काय वाचायचे हे माहीत असले की पट्टी चोख काम देते.

सगळ्या पुस्तकाचे सार मला एका वाक्यात सांगायचे तर असे सांगेन: दोघांच्या बाबतीत ‘किती’ हा प्रश्न पुरतो, तिघांपासून पुढे ‘कोणाकोणात’ हे आधी ठरवावे लागते. याची दुसरी बाजू अशी, की संबंध हवा तसा वाटता येत नाही. दोन क्यूबिट्स एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतील तर त्यांतल्या कोणाचीही तिसऱ्याशी गुंतणूक असू शकत नाही. कॉफमन, कुंडू आणि वूटर्स यांनी २००० मध्ये तिघांसाठी याचा नेमका हिशेब मांडला. क्वांटम गुप्त संदेशवहनाची भिस्त अशाच निर्बंधावर आहे: दोघांमधली जुळणी पुरेशी घट्ट निघाली, तर चोरून ऐकणाऱ्या तिसऱ्याच्या वाट्याला काही उरलेले नसते.

प्रत्यक्षात कोणतीच अवस्था शुद्ध नसते, गोंगाट मिसळतोच. तिथे आणखी फाटे फुटतात. राइनहार्ड वेर्नर यांनी १९८९ मध्ये दाखवले की काही मिश्र अवस्था गुंतलेल्या असतात, तरी थेट मोजमापांची उत्तरे आधी ठरलेल्या उत्तरांनी समजावता येतात. म्हणजे गुंतणूक आणि अस्थानिकता या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी असली तर पहिली असतेच, उलट खरे नाही. आणि गुंतणूक नसतानाही काही क्वांटम स्वरूपाचा सहसंबंध उरू शकतो. त्याचे ‘डिस्कॉर्ड’ नावाचे माप २००१ मध्ये आले. हसन आणि जोग यांनी पुढे त्याचेही बहुकण भूमितीय रूप अभ्यासले.

मोजमापाचा खर्च हा वेगळाच विषय. अवस्थेचे संपूर्ण चित्र हवे तर प्रत्येक ठिकाणी तीन दिशा, म्हणजे तीन कणांना २७ मांडण्या आणि दहा कणांना ५९,०४९. म्हणून सगळे चित्र न काढता मोजक्या मोजमापांवरून गुंतणुकीची साक्ष काढण्याच्या रीती शोधल्या गेल्या. इन्सब्रुकच्या गटाने २०१४ मध्ये १४ आयनांपर्यंत बहुकण असमानता मोडल्याचे दाखवले. बाझेलला २०१६ मध्ये सुमारे ४८० रुबिडियम अणूंच्या थंडगार ढगात, एकेका अणूला हात न लावता, सगळ्यांच्या एकत्रित स्पिनवरून बेल-सहसंबंधांची साक्ष मिळाली. अर्थात हे कण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. निरोपाची वाट तिथे बंद नसते, आणि तेवढे गृहीत धरून निष्कर्ष वाचायचा असतो.

मग चंद्रपूर, गडचिरोली आणि भामरागड यांच्यात हा प्रयोग खरोखर करता येईल का? अडचण तंतूंतल्या गळतीची आहे. चांगल्या प्रकाशतंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. पाऊणशे किलोमीटरनंतर शंभरात जेमतेम तीन फोटॉन पोचतात. तिन्ही फोटॉनांना एवढा प्रवास करावा लागला, तर तिघेही पोचण्याची संधी दहा लाखांत तीसेक. कण वाढले की हा आकडा गुणाकाराने कोसळतो. केंद्राने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये दूर अंतरावरच्या क्वांटम संदेशवहनाला वेगळे स्थान आहे ते याच कारणाने. याच मिशनमधले संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांचा गट रेणूंमधल्या अणुकेंद्रकांच्या स्पिनवर काम करतो. विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि महेश यांनी २०११ मध्ये लेगेट-गर्ग असमानतेची कसोटी तिथे केली. बेलच्या असमानतेत वेगवेगळ्या जागांची मोजमापे असतात, हिच्यात वेगवेगळ्या वेळांची.

तंतू टाकल्याशिवायही या दोन जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याला हाताला लागेल असे काम आहे. आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्यूबिट्सचा क्वांटम संगणक इंटरनेटवरून सर्वांना वापरायला दिला, आणि त्याच वर्षी अल्सिना आणि लातोरे यांनी त्यावर तीन, चार आणि पाच क्यूबिट्ससाठी मर्मिनच्या असमानता तपासल्या. तीन क्यूबिट्सना मर्यादा स्पष्ट मोडली. पाचांपाशी गोंगाटामुळे ते जेमतेम साधले. सगळे क्यूबिट्स एकाच चिपवर असल्याने अस्थानिकतेचा दावा तिथे करता येत नाही, पण अवस्था किती चांगली बनली हे जोखायला ही कसोटी उत्तम आहे. महाविद्यालयातल्या एका संगणकावरून आज हे करून पाहता येते.

वाचण्याच्या क्रमाबद्दल एवढेच सुचवतो. पहिल्या भागात फक्त अधिक-उण्याचा हिशेब आहे. तो कागदावर स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसऱ्या भागातल्या मापांसाठी सदिश आणि सारणी यांची ओळख लागेल. तिसऱ्या भागात मिश्र अवस्था आहेत, आणि तिथे पोचल्यावर लक्षात येईल की अनेक कणांच्या मिश्र अवस्थांना सगळीकडे चालेल असे एकच माप आजही कोणाकडे नाही. ज्यांना संशोधनाकडे वळायचे आहे त्यांना या शाखेत महागडी यंत्रे घेण्याआधी करण्याजोगे पुष्कळ आहे: नव्या असमानता शोधणे, त्यांच्या मर्यादा काढणे, कमी मोजमापांत जास्त सांगणारी साक्ष बनवणे. पुण्यातले ते माप कागदावरच जन्माला आले. पुढचे एखादे ब्रह्मपुरीच्या किंवा आरमोरीच्या एखाद्या वहीत जन्माला यायला गणिताची कोणतीही हरकत नाही.